शिलोहाचा बुरूज आणि किल्लारीच्या भिंती

(शास्त्रपाठ : लूक १३:१-५, अनुवाद २२:८, प्रेषितांचीं कृत्यें १६:२५-३४)

शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें दडपून मेलीं, ही गोष्ट लूककृत शुभवर्तमानावांचून दुसरीकडे कोठेंही आढळत नाहीं. तो बुरूज कोणीं बांधिला होता, त्याचा पाया खचला कीं भिंत फुगली कीं धरणी हालली, याविषयीं लूक एक अक्षरही लिहीत नाहीं. मात्र त्या दिवसांत यरुशलेमेच्या गल्लीबोळांतून लोक काय बोलत होते, तें प्रभूच्या प्रश्नावरून आपणांस कळतें. मेलेले अठराजण इतरांहून अधिक अपराधी असले पाहिजेत, अशी ती कुजबूज होती. प्रभूनें ती एका शब्दांत खोडून काढिली, आणि मेलेल्यांकडे रोखलेलें बोट ऐकणाऱ्यांकडे वळविलें. पश्चात्ताप मेलेल्यांनीं नव्हे, जिवंतांनीं करावयाचा आहे, हें त्याच्या बोलण्याचें तात्पर्य होय.

बारामती व इंदापूर या तालुक्यांतील मंडळ्यांसाठीं हा पाठ आम्हीं मुद्दाम निवडिला आहे. दरसाल ३० सप्टेंबर ही तारीख आली म्हणजे किल्लारीची आठवण निघते, आणि आठवणीबरोबर तो जुना प्रश्नही निघतो : तेथील लोकांनीं असें काय केलें होतें? पारावर हा प्रश्न निघतो, तसा प्रार्थनेनंतर मंदिराच्या ओट्यावरही निघतो. आणि दुःखाची गोष्ट ही कीं, ओट्यावरचें उत्तर पारावरच्या उत्तराहून पुष्कळदां निराळें नसतें.

हा वाद मोठमोठ्यांत झाला आहे. १९३४ सालीं १५ जानेवारीस बिहारांत भयंकर भूमिकंप झाला, तेव्हां महात्मा गांधींनीं तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवानें केलेला दंड होय असें म्हटलें, आणि रवींद्रनाथ टागोरांनीं त्यास उघड हरकत घेतली. अस्पृश्यता हें घोर पाप होय हें आमच्या वाचकांस कोणीं सांगावयास नको. पुष्कळांच्या वाडवडिलांनीं तें अंगावर सोसलें आहे. गांधीजींचा हेतु शुद्ध होता यांतही संशय नाहीं. पण त्या ढिगाऱ्यांखालीं अस्पृश्यही मेले. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच अंगावर अन्यायाचा दंड म्हणून भिंत कोसळावी, हा न्याय आमच्या प्रभूच्या मुखांतून निघालेला नाहीं. या एका गोष्टींत आम्ही टागोरांच्या बाजूस उभे आहों, आणि तेंही लूकाच्या तेराव्या अध्यायाच्या आधारानें.

तर मग जिवंतांनीं पश्चात्ताप कशाचा करावयाचा? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास आपणांस किल्लारीच्या भिंतीजवळ जाऊन उभें राहिलें पाहिजे.

१९९३ सालीं २९ सप्टेंबरास अनंतचतुर्दशी होती. लातूर जिल्ह्यांतील व त्या वेळच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गांवोगांवीं लोक गणपति विसर्जून रात्रीं उशिरां घरीं आले आणि गाढ निजले. पहांटे चार वाजण्यास चार-पांच मिनिटें असतां धरणी हालली. धक्क्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. तो मिनिटभरही टिकला नाहीं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी अशीं गांवेंच्या गांवें दगडमातीचे ढीग होऊन गेलीं. आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत माणसें मेलीं अशा गणना आहेत. जखमी याहून पुष्कळच अधिक होते. धक्का पुण्यामुंबईपर्यंत जाणवला. त्या वेळीं राज्याचे मुख्यमंत्री आपल्या बारामतीचेच शरद पवार होते. त्यामुळें आपल्या तालुक्यांतील जुन्या माणसांच्या कानांवर त्या दिवसांतील गोष्टी अधिकच आल्या असतील.

आतां वाचकांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. ६.२ तीव्रतेचा धक्का जगाच्या हिशेबानें फार मोठा नव्हे. २०१० सालीं दोन भूमिकंप झाले. जानेवारींत हैती देशांत ७.० तीव्रतेचा झाला, त्यांत लाखाहून अधिक माणसें मेलीं. फेब्रुवारींत चिली देशांत ८.८ तीव्रतेचा झाला. तीव्रतेचा एक अंक वाढला म्हणजे शक्ति सुमारें बत्तीसपट वाढते. त्या हिशेबानें चिलीचा धक्का हैतीच्या पांचशेंपट होता. आणि चिलींत मेले सुमारें सवापांचशें. हैतीचे लोक चिलीच्या लोकांहून शेंकडों पटीनें पापी होते काय? ज्यानें शिलोहाचा प्रश्न विचारिला तो हाही प्रश्न विचारील. चिलींत पूर्वीं मोठे धक्के बसले होते. तेथें बांधणीचे कडक नियम झाले, आणि ते पाळलेही गेले. हैतींत गरिबी होती, आणि विटा व कांक्रीट यांत चोरी होती.

धरणी माणसास क्वचितच मारिते. माणसास मारितें तें त्याचें घर. किल्लारीची भिंत कशी होती तें पाहा. ती दोन फूट, तीन फूट, कोठें कोठें त्याहूनही रुंद होती, आणि घरधन्यास तिचा अभिमान होता. उन्हाळ्यांत गारवा, थंडींत ऊब, आणि चोरास भोंक पाडणें कठीण. पण ती एक भिंत नव्हती. बाहेरच्या अंगास दगडांची एक रांग, आंतल्या अंगास दुसरी रांग, आणि दोहोंच्या मध्यें माती व दगडाच्या कपच्या यांची भर. बाहेरच्या रांगेस आंतल्या रांगेशीं बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणीं नव्हता. चुना नाहीं, सिमेंट नाहीं, नुसता चिखल. अशी भिंत उभें ओझें शंभर वर्षें पेलते. पण तिला आडवा हिसका बसला कीं दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटतात, एक बाहेर पडते, दुसरी आंत पडते, आणि आंत माणसें निजलेलीं असतात.

भिंतीवर माळवद. लांकडी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पांढरीच्या मातीचा थर. पाऊस गळूं लागला कीं त्यावर आणखी थर, पुढल्या वर्षीं आणखी. जुना थर कोणी काढीत नसे. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशा एका खोलीवर दीड फूट माती असेल, तर तिचें वजन सात-आठ टन भरतें. उसानें भरलेल्या तीन-चार बैलगाड्या आपल्या मुलांच्या डोक्यावर टांगून आपण निजतों असें म्हटलें, तर तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

आणि आतां यांतील चमत्कारिक भाग. ज्या वाड्यांच्या भिंती सर्वांत रुंद तेथें नाश सर्वांत मोठा झाला. आणि ज्या गरिबास दगड परवडला नाहीं, ज्याची झोपडी कुडाची व वर पाचट किंवा पत्रा, त्याची झोपडी वांकली, हालली आणि बहुधा उभी राहिली. तसेंच ज्या घरांत छपराचा भार भिंतीवर नसून लांकडी खांबांवर होता, तेथें पुष्कळदां भिंती ढासळूनही खांब व छप्पर उभें राहिलें व आंतील माणसें वांचलीं. म्हणजे आपल्या वाडवडिलांस ही विद्या अगदींच ठाऊक नव्हती असें नाहीं. खणाखणाचें घर बांधणारा सुतार ती जाणत होता. पुढें सागवान महाग झालें, खांब गेले, आणि ओझें चिखलाच्या भिंतीवर आलें.

येथें मोशेच्या नियमशास्त्रांतील एक लहानसें वचन आठवावें. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत, पक्ष्याचें घरटें आणि द्राक्षमळ्यांतील पेरणी यांच्या मध्यें तें दडून बसलें आहे. म्हणून उपदेशक त्यावर क्वचितच बोलतात. नवें घर बांधशील तेव्हां धाब्यास कठडा कर, नाहीं तर कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. इस्राएल लोक आपल्यासारखेच धाब्यावर निजत, धान्य वाळवीत, पाहुण्यास वर नेत. त्या धाब्याच्या कांठाविषयीं सीनाय पर्वताचा देव नियम घालून देतो. मनुष्य खालीं पडला तर देवानें त्यास पाडिलें, त्याचें नशीब फुटकें, असें तो म्हणूं देत नाहीं. कठडा कां नव्हता, असें घरधन्यास विचारितो. शिलोहाचा बुरूज आणि हा कठडा हीं दोन वचनें एकत्र वाचलीं म्हणजे प्रभूच्या पश्चात्तापाच्या बोलाचा एक अर्थ उघड होतो. मेलेल्यांच्या पापांचा हिशेब आपल्याकडे नाहीं. पण आपल्या भिंतीचा हिशेब आपल्याकडे आहे.

कोणी म्हणेल, किल्लारी जळोचीपासून दोनशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आपल्याकडे हा धोका कोठला? किल्लारीकरही असेंच म्हणत असत, आणि त्यांच्या म्हणण्यास सरकारी नकाशाचा आधार होता. १९९३ सालीं भूमिकंपाच्या धोक्याचा जो नकाशा प्रमाण मानला जात होता, त्यांत किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत होता. दख्खनचें पठार जुनें, कठीण, अचल खडकाचें, अशी सर्वांची समजूत. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत त्याच गांवास लहान लहान धक्के बसत होते, तरी मोठ्या धक्क्याची कल्पना कोणास आली नाहीं. पुढें २००२ सालीं नकाशा नवा झाला. सर्वांत कमी धोक्याचा तो पहिला विभागच काढून टाकण्यांत आला, आणि किल्लारीचा प्रदेश वरच्या विभागांत गेला. नकाशा अगोदर बदलला नाहीं. गांवें पडल्यावर बदलला.

पश्चिमेकडे पाहावें तर कोयना जवळ. जळोचीपासून सरळ रेषेनें ती सव्वाशें किलोमीटरांच्या आंतबाहेर असेल. तेथें १९६७ सालीं ११ डिसेंबरास, तेंही पहांटेसच, ६.३ च्या आसपास तीव्रतेचा धक्का बसला. कोयनानगराचीं बहुतेक घरें मोडलीं, दोनशेंच्या आंतबाहेर माणसें गेलीं, आणि धरणासही तडे गेले, ते पुढें बुजवून धरण बळकट करण्यांत आलें. धरणाचें पाणी खडकाच्या भेगांत उतरून व वरून भार पडून तेथील धक्क्यांस चालना मिळते असें शास्त्रज्ञ मानतात, आणि अभ्यासासाठीं त्या भागांत गोठणें येथें त्यांनीं तीन किलोमीटर खोल भोंक पाडलें आहे. धरणी कां हालते याचें मूळ कारण मात्र याहून विस्तृत आहे. आपला सारा हिंदुस्थान ज्या प्रचंड खडकाच्या ढलपीवर बसला आहे, ती ढलपी वर्षास पांच-एक सेंटिमीटर याप्रमाणें उत्तरेकडे सरकत आहे व हिमालयाखालीं दाबली जात आहे. दाब वाढतां वाढतां पठाराच्या पोटांतली एखादी जुनी भेग एकाएकीं सरकते. कोठली व केव्हां, हें दिवस-घटका धरून सांगण्याची विद्या अद्याप कोणापाशीं नाहीं. जो कोणी तारीख सांगेल, मग तो पंचांग घेऊन सांगो अथवा बायबल हातीं घेऊन सांगो, त्यावर विश्वास ठेवूं नये.

जळोची आतां बारामती नगरपरिषदेच्या हद्दींत आली आहे, आणि अशा गांवांत दोन प्रकारचीं घरें शेजारीं शेजारीं दिसतात. जुन्या गांवठाणांत दगडमातीचीं, भेंड्यांचीं. आणि एके काळच्या शेतांत उभ्या असलेल्या, खालीं गाड्या ठेवण्यास मोकळी जागा सोडून नुसत्या खांबांवर उचललेल्या तीन-चार मजली इमारती. पहिल्या प्रकाराचा धडा किल्लारीनें दिला. दुसऱ्याचा धडा अहमदाबादेनें दिला. २००१ सालीं २६ जानेवारीस कच्छांत ७.७ च्या आसपास तीव्रतेचा भूमिकंप झाला, तेव्हां तेथून दोनशें किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेंत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, आणि त्यांत खालचा मजला मोकळा ठेवून खांबांवर उभ्या केलेल्या पुष्कळ होत्या. वरचें अंग भिंतींनीं ताठ, खालचे पाय मोकळे. हिसका बसला कीं पाय मोडतात. म्हणून सिमेंटचें घर झालें म्हणजे आपण निर्धास्त झालों असें कोणीं समजूं नये. सळई किती, रिंगा किती जवळ, कांक्रीटावर पाणी किती दिवस मारलें, हें विचारण्यास लाजूं नये. पैसे देणारा आपण आहों.

काळ्या जमिनीचाही विचार हवा. लूकाच्या सहाव्या अध्यायांत शहाण्या मनुष्यानें खोल खणून खडकावर पाया घातला, असें आहे. मत्तयाच्या वृत्तांतांत खोल खणण्याची गोष्ट नाहीं, लूकानें ती मुद्दाम नमूद केली आहे. निरेच्या कालव्याखालील आमच्या वाचकांस हें वचन अधिकच समजावें. काळी माती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर टेकलेला पाया भूमिकंपावांचूनही दरसाल थोडा थोडा हालतो. ती काढून टणक मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खालीं गेलें पाहिजे. गवंडी हातभर खणून थांबूं लागला तर त्यास लूकाचा सहावा अध्याय दाखवावा.

जुन्या भिंतीचें काय करावें, हा आमच्या बहुतेक वाचकांचा खरा प्रश्न आहे, कारण नवें घर बांधण्याची ऐपत फार थोड्यांची. किल्लारीनंतर रुडकीचे प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्या तज्ज्ञांनीं यावर जे उपाय सांगितले, ते गरिबाच्या आवांक्यांतले आहेत. सर्वांत पहिला आणि जवळजवळ फुकटचा उपाय म्हणजे माळवदावरची जादा माती उतरणें. कुदळ, घमेलीं आणि चार शेजारी एवढ्यावर काम होतें. पुढच्या पावसाळ्यास गळूं नये एवढा पातळ थर ठेवून वर ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचा कागद घालावा. दुसरें म्हणजे भिंतीच्या दोन्ही रांगा बांधणें. दर दोन फूट उंचीस व दर चार फूट अंतरावर एक एक दगड हळूच काढून आरपार भोंक पाडावें, त्यांत दोन्ही टोकांस वांकविलेली सळई घालून तें कांक्रीटानें भरावें. काम एका वेळीं थोडें थोडें करावें, आणि जाणत्या गवंड्याकडूनच करावें. उतावळेपणानें भिंतच खालीं यावयाची. तुळई आणि खांब जेथें भेटतात तेथें तिरकस लांकडी ठेपा ठोकावा.

आणि तिसरें, दारें-खिडक्यांच्या माथ्यावरून साऱ्या घराभोंवतीं फिरणारा अखंड पट्टा. बैलगाडीचें चाक कशानें टिकतें? आरे, पाटा, तुंबा हे सारे निरनिराळे तुकडे. त्यांस एकत्र धरून ठेविते ती लोखंडी धांव. धांव निसटली कीं चाक वाटेंतच उकलतें. घराचा पट्टा म्हणजे घराची धांव. नवें घर असेल तर सळया घालून कांक्रीटाचा करावा. जुनें असेल तर भिंतीच्या आंतून व बाहेरून लोखंडी जाळी खिळवून तीवर सिमेंटचा गिलावा करावा, आणि दोन्ही जाळ्या भिंतींतून आरपार तारेनें बांधाव्या. तो कोठेंही तुटतां कामा नये. एका बाजूस पट्टा व दुसऱ्या बाजूस नाहीं, हें अर्ध्या धांवेच्या चाकासारखें होय. नव्या दगडी भिंतीची रुंदी दीड फुटाहून अधिक करूं नये, कारण रुंदी म्हणजे बळ नव्हे. खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट तरी दूर असावी.

हें सारें सांगितलें तरी लोक करीत नाहींत, हाही किल्लारीचाच अनुभव आहे. जीं सुमारें ५२ गांवें पार गेलीं तीं नव्या जागेवर वसविण्यांत आलीं. परंतु बाकीच्या शेंकडों गांवांतून उभ्या राहिलेल्या घरांच्या दुरुस्तीसाठीं व बळकटीसाठीं, जागतिक बँकेच्या कर्जाच्या साह्यानें, घरधन्यासच पैसे देण्यांत आले. पुष्कळांनीं जुन्या भिंतीस हात लावला नाहीं. त्या पैशांत शेजारीं एक लहानशी पक्की खोली बांधली. दगडाची भीति मनांत इतकी बसली होती कीं, दगडास बांधून घेतां येतें यावर विश्वास बसेना. त्यांस दोष देण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. पण खोली लहान, माणसें पुष्कळ. तेव्हां जुन्या भिंतीखालीं निजणें चालूच राहिलें.

आतां संकटानंतरची सेवा. फिलिप्पैच्या बंदिशाळेंत मध्यरात्रीं भूमिकंप झाला, दारें उघडलीं, आणि बंदिवान पळाले असें समजून नायक आपला जीव घेऊं लागला. पौलानें अंधारांतून ओरडून सर्वजण जागच्या जागीं असल्याचें त्यास सांगितलें. भूमिकंपानंतरचें पहिलें काम हेंच : माणसें मोजणें, आणि घाबरलेल्यास हांक देऊन थांबविणें. मग त्याच रात्रीं त्याच घटकेस नायकानें त्यांच्या जखमा धुतल्या, घरीं नेऊन पुढें अन्न वाढलें. वचन, बाप्तिस्मा, जखमा आणि जेवण हीं सारीं एका रात्रींत झालीं. आमचे कांहीं सुवार्तिक यांपैकीं पहिलीं दोन तेवढीं आपलीं समजतात.

माणसें मोजण्यास नांवें ठाऊक हवींत. कोणाच्या घरीं म्हातारी अंथरुणास खिळली आहे, कोणाची सून बाळंतीण आहे, कोणाचा मुलगा आंधळा आहे, हें पाळकाच्या वहींत लिहिलेलें असावें, आणि ती वहीं ख्रिस्ती घरांपुरती नसावी. ढिगाऱ्याखालून जीं माणसें जिवंत निघतात, त्यांतील बहुतेक पहिल्या कांहीं तासांत शेजारीच काढतात. सरकार व सैन्य मागाहून येतें. घरांतील कोण कोणत्या कोपऱ्यांत निजतें हें शेजाऱ्यावांचून कोणास ठाऊक असणार?

त्यानंतर येणाऱ्या दानाविषयीं एक शब्द. अशा प्रत्येक संकटांत जुन्या कपड्यांचे ढीग येऊन रस्त्याकडेला सडतात, आणि तंबूचे दोर, कंदील, औषध, जनावरांचा चारा यांची वाण पडते. मंडळीनें काय हवें तें अगोदर विचारावें, मग द्यावें. प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची 'कासा' ही संस्था १९४७ पासून असें काम करीत आली आहे व लातूरकडेही गेली होती. तिच्यासारख्यांच्या मार्फत पाठविलेला पैसा वायां जात नाहीं. आणि चांगलें काम आपल्याच लोकांनीं केलें पाहिजे असेंही नाहीं. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनीं भूमिकंपग्रस्तांचीं सुमारें १,२०० मुलें पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली. शोमरोनी मनुष्याची गोष्ट सांगणाऱ्या आम्हांस हें मोकळ्या मनानें सांगतां आलें पाहिजे.

नव्या गांवांतील घरांविषयीं मात्र आमच्या मनांत एक सल आहे. पुनर्वसनांत घराचें माप जमिनीवरून ठरलें. ज्यास जमीन नाहीं किंवा अगदीं थोडी आहे त्यास २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४००, आणि मोठ्या जमीनधारकास ७५०. मोठ्या शेतकऱ्यास बैल, अवजारें, धान्य ठेवण्यास जागा लागते, हें खरें. पण भूमिहीनाच्या घरींही सहा-सात माणसें असतात, आणि धरणीनें दोघांचें घर सारखेंच पाडलें होतें. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळींत ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें वांटून देत असत, असें प्रेषितांच्या कृत्यांचा चौथा अध्याय सांगतो. जुनी उतरंड ढिगाऱ्याखालून काढून नव्या जागेवर पुन्हा रचावी, हें आम्हांस बरें वाटलें नाहीं. पुनः बांधण्याची संधि क्वचित् येते. ती आली असतां कोणाचें घर कोठें व केवढें, हें सर्वांनीं बसून ठरवावें, आणि गांवाच्या कडेस ज्यांचा वाडा, त्यांस त्या बैठकींत मागें बसवूं नये.

स्त्रियांच्या बाबतींत लातूरनें चांगला कित्ता घालून दिला. दुरुस्तीच्या कामांत हजारांहून अधिक गांवांतून स्थानिक बायांस 'संवाद सहायक' नेमण्यांत आलें. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनें त्यांस तयार केलें. ज्या कधीं चावडीची पायरी चढल्या नव्हत्या त्या सिमेंटचीं पोतीं मोजूं लागल्या, गवंड्यास पट्टा कोठें घालावयाचा तें दाखवूं लागल्या. आणि २००१ सालीं कच्छांत घरें पडलीं, तेव्हां लातूरकडील बाया तिकडे गेल्या व तेथील बायांजवळ बसल्या. भाषा निराळी, पण पडलेलें घर सारखें. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायांत पौल सांत्वनाविषयीं जें लिहितो, कीं आपणांस जें मिळालें तेंच आपण दुसऱ्या दुःखितास देऊं शकतों, त्याचा याहून सुबोध दाखला आम्हांस सांपडत नाहीं.

पुढील रविवारीं उपदेश संपल्यावर पाळकांनीं व सुवार्तिकांनीं मंडळीस घेऊन प्रथम प्रार्थनामंदिराभोंवतीं एक फेरी मारावी. भिंतीस दोरी लावून ती कोठें फुगली आहे काय तें पाहावें. कोपऱ्यांतली उभी भेग बोटानें मोजावी व तिच्याजवळ तारीख लिहून ठेवावी, म्हणजे पावसाळ्यानंतर ती वाढली कीं नाहीं तें कळेल. आम्हीं असें एक मंदिर पाहिलें आहे कीं, ज्याच्या पुढें नवी कमान रंगवून उभी आहे आणि मागची भिंत टेकूवर आहे. वर्गणी दोहोंसाठींच गोळा झाली होती, पण पुरली एकासच. मग दोन दोन जणांनीं एकमेकांच्या घरीं जावें. नहेम्यानें यरुशलेमेचा कोट बांधिला तेव्हां कित्येकांनीं आपआपल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला, अशी यादी त्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांत आहे, आणि तींत एकाच्या मुलीही आहेत. घरांत निजण्याच्या जागेवर फडताळ, उतरंड, जातें असें कांहीं जड टांगलेलें वा रचलेलें असेल तर तें त्याच दिवशीं हलवावें. दगडमातीच्या घरांत, दार जवळ असेल तर धक्क्यासरशीं बाहेर मोकळ्यांत जावें. वरच्या मजल्यावर असतां जिन्याकडे धांवूं नये, बळकट मेजाखालीं शिरून डोकें झांकावें. मुलांकडून हें दोनतीनदां करवून घ्यावें. त्यांस तो खेळच वाटतो, आणि वाटूं द्यावा.

आणि मंदिराचें दार आंत उघडतें कीं बाहेर, हेंही त्याच फेरींत पाहावें. आंत उघडणाऱ्या दारावर गर्दी लोटली तर तें उघडतच नाहीं. बिजागऱ्या दुसऱ्या अंगास लावून घेण्यास सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी लागेल.